उत्पन्नाच्या रकान्यात उचल मावत नाही

जानेवारीतली दुपार होती. साखर कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडलेल्या, आणि पहाटे तीनला फडात गेलेल्या बायका गाडी भरून देऊन नुकत्याच परतलेल्या. त्यातल्या एक बाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. आमच्या एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन त्यांच्यासमोर बसली होती. प्रश्न सातवा: कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती? खाली चार चौकोन. बाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि म्हणाल्या, "महिन्याचं कसं सांगू पोरी? आमचा कोयता उचलीवर हाये." मुलगी गोंधळली, तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत तिनं 'पाच हजारांपेक्षा कमी' या चौकोनात खूण केली आणि ती आठव्या प्रश्नाकडे वळली.

त्या प्रश्नावलीवर मार्गदर्शक म्हणून सही माझी होती. म्हणून हा प्रसंग मी विद्यार्थिनीची चूक म्हणून सांगत नाही.

बाईंच्या एका वाक्यात अख्खं प्रकरण होतं. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम, म्हणजे ऊसतोडीला मजूर पुरवणारा मध्यस्थ, जोडप्याला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. जोडपं म्हणजे एक कोयता, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मग चार-सहा महिने जेवढे टन तोडून होतील तेवढी उचल फिटते. पाऊस लांबला, कुणी आजारी पडलं, बाई बाळंत झाली, तर फिटत नाही, आणि उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. आता ही उचल उत्पन्न म्हणायची की कर्ज? राबतात दोघं, पण हिशेब मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावावर असतो. मग यात बाईचं उत्पन्न किती? मजुरी, कर्ज, लग्न, जात, स्थलांतर यांची गाठ त्या 'कोयता' शब्दात घट्ट बसलेली आहे. ती गाठ आमच्या हातात आली होती आणि आम्ही ती चौकोनात टाकून पुढे गेलो.

समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्याला दोन वर्षांत काय यायला हवं, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ते वाक्य ऐकून थांबता आलं पाहिजे. हातातला प्रश्न चुकलाय हे ओळखून तो तिथल्या तिथे बदलता आला पाहिजे. बाकी सिद्धांत, विचारवंत, संकल्पना या सगळ्याची गरज आहेच, पण ती याच कामासाठी. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक पदव्युत्तर वर्गांत नेमकं हेच शिकवायचं राहतं. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न आमच्या विभागांच्या चार भिंतींतला राहिलेला नाही. त्याची किंमत सगळा महाराष्ट्र मोजतो आहे.

गेल्या काही वर्षांत 'इम्पिरिकल डेटा', म्हणजे प्रत्यक्ष गोळा केलेली माहिती, हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत पोचला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी महाराष्ट्राला बंधनकारक असल्याचं सांगितलं. समर्पित आयोग नेमा, मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती गोळा करा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. मग २०२२ मध्ये हा समर्पित आयोग म्हणून बांठिया आयोग नेमला गेला. काम घाईचं होतं. मतदार याद्यांतल्या आडनावांवरून ओबीसींची मोजणी होत असल्याचं बाहेर आलं आणि त्यावर सगळ्या पक्षांतून आक्षेप आले. जाधव, पवार, मोरे, गायकवाड, शिंदे या आडनावांची माणसं आपल्याकडे किती वेगवेगळ्या जातींत आहेत, हे गावात वाढलेल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. तरीही आडनाव हा जातीचा दर्शक धरला गेला. आयोगाने ओबीसींची लोकसंख्या ३७ टक्के सांगितली, त्याच्या आधारावर जुलै २०२२ मध्ये निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. तो आकडा बरोबर की चूक यात मी शिरत नाही. पण ज्याला आमच्या पाठ्यपुस्तकात मापनाची सप्रमाणता म्हणतात, म्हणजे जे मोजायचं म्हणता तेच मोजताय ना, तो प्रश्न इथे सगळ्या राज्याच्या राजकारणाच्या मध्यावर येऊन उभा राहिला.

त्यानंतर जानेवारी २०२४. मराठा समाजाच्या मागासलेपणाची पाहणी २३ जानेवारीला सुरू झाली आणि २ फेब्रुवारीला संपली. अकरा दिवसांत सुमारे १ कोटी ५८ लाख कुटुंबं. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पालिकेचे कर्मचारी मोबाइलमधलं ॲप घेऊन दारोदार फिरले. मी त्या माणसांना दोष देत नाही. त्यांना थोडकं प्रशिक्षण मिळालं, नेहमीचं काम डोक्यावर तसंच होतं, आणि आपण विचारतोय त्या प्रश्नाचं उत्तर लोक का लपवतात किंवा का फुगवतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मला टोचलं ते वेगळंच. त्या अकरा दिवसांत राज्यातले समाजशास्त्राचे पदव्युत्तर विभाग काय करत होते? आमच्या विभागात त्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा चालू होती, आणि प्रश्न होता: 'सर्वेक्षण पद्धतीचे गुणदोष लिहा.'

आता तर याहून मोठं काम दारात आहे. जनगणनेत सगळ्या जातींची नोंद घ्यायचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. अशी नोंद शेवटची झाली १९३१ मध्ये, तेव्हा जातींची संख्या ४,१४७ होती. मधे २०११ मध्ये सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय पाहणी झाली, तेव्हा लोकांनी सांगितलेली आणि प्रगणकांनी लिहिलेली नावं जमेस धरली तर ती ४६ लाखांच्या घरात गेली. हा आकडा केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितला, आणि तोही महाराष्ट्राच्या याचिकेला उत्तर देताना. कुणी कुळी सांगितली, कुणी पोटजात, कुणी आडनाव, कुणी गोत्र, आणि एकाच जातीची दहा स्पेलिंगं झाली. 'तुमची जात कोणती?' हा दोन-तीन शब्दांचा प्रश्न किती अवघड आहे, हे याहून स्पष्ट काय असणार?

या विषयात महाराष्ट्र कधी मागे नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटतं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. १९२४ मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये तिथे आले. घुर्ये स्वतः ग्रंथालयात रमणारे, पण विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी बाहेर पाठवलं. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई अशी माणसं त्या वर्गातून निघाली. इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या. एकाच दिंडीत, एकाच अभंगात रंगलेली माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, ही गोष्ट त्यांनी मनाला लागून लिहिली. 'सहभागी निरीक्षण' हा शब्द पाचदा पाठ करूनही जे कळत नाही, ते त्या एका निरीक्षणातून वर्गातल्या मुलांना कळतं. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणीही त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली.

त्याच्याही आधी, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर हे गाव निवडलं आणि घरोघर, वावरावावरांत जाऊन जमिनीचा हिशेब मांडला. १९१७ मध्ये तो अभ्यास छापून आला. जुन्या कागदपत्रांवरून १७७१ मध्ये तिथलं सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होतं, १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आलं, हे त्यांनी दाखवलं. आज तिथे टॉवर आहेत, आयटीतली मुलं भाड्याने राहतात आणि मूळ गावकऱ्यांची घरं मधल्या गल्ल्यांत आहेत. ४० एकरांपासून टॉवरपर्यंतचा हा अडीचशे वर्षांचा धागा पुण्यातल्या कुठल्याही एम.ए.च्या मुलाला बसने जाऊन पकडता येईल. लोणीकंदचंही तसंच. १८२० च्या सुमारास थॉमस कोट्स या डॉक्टराने पुण्याजवळच्या या गावाचं वर्णन लिहून ठेवलं, आणि घुर्यांनी सव्वाशे वर्षांनंतर त्याच गावाकडे वळून १९६० मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यालाही आता साठ वर्षं होऊन गेली. तिसऱ्यांदा तिथे वह्या घेऊन एखादा वर्ग जाऊन बसला असता तर त्या कामाची सर कशाला आली असती? गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची पाहणी केली, सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये फेरपाहणी छापली. परत जाण्याची रीत आपल्याकडे होती. ती कुणी बंद केली नाही, आपोआप सुटली.

आता आमच्या वर्गात काय चालतं ते सांगते. 'आरएम' म्हणजे संशोधन पद्धतीचा पेपर. मुलं तो नोट्सवरून करतात. गृहीतकृत्याची व्याख्या, चांगल्या प्रश्नावलीची दहा वैशिष्ट्यं, नमुना निवडीचे प्रकार, सगळं तोंडपाठ. पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्या मुलीने आयुष्यात एकाही अनोळखी माणसाला एकही प्रश्न विचारलेला नसतो. मग लघुशोधप्रबंधाची वेळ येते. एका महाविद्यालयात मी बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. शंभर प्रश्नावल्यांचा गठ्ठा समोर आला. सगळ्या खुणा एकाच पेनाने आणि एकाच कलाने केलेल्या. सत्तर वर्षांच्या अशिक्षित म्हातारीने आणि बाविशीतल्या शिक्षिकेने 'इतर' या रकान्यात शब्दशः सारखंच वाक्य लिहिलेलं. मुलाला विचारलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, एसटीचं भाडं नव्हतं. खोलीवर बसून भरल्या." तो शेतमजुराचा मुलगा होता. ज्या वस्तीवर विषय घेतला होता तसल्याच वस्तीत तो वाढलेला. त्याने नुसती आपल्या गल्लीची गोष्ट खरी लिहिली असती, तरी तो प्रबंध त्या गठ्ठ्यातला सगळ्यात चांगला झाला असता. आपली गल्ली हा संशोधनाचा विषय असू शकतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हल्ली बसून भरायचेही कष्ट उरले नाहीत. गुगल फॉर्म व्हॉट्सॲपवर सोडला की संध्याकाळपर्यंत दीडशे उत्तरं येतात. उत्तरं देणारे कोण? ग्रुपमधले मित्र, त्यांचे मित्र, ज्यांच्याकडे स्मार्टफोन आणि वेळ दोन्ही आहेत ते. त्यावरून निष्कर्ष निघतो 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण' या विषयाचा. आणि गावात गेलेली मुलंसुद्धा पारावर किंवा ग्रामपंचायतीत बसतात, तिथे भेटणारे पुरुष उत्तरं देतात, ऊन उतरायच्या आत परतीची गाडी असते. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीपर्यंत कुणी जात नाही. नमुना निवडीवर पंधरा मार्कांचा प्रश्न लिहिणाऱ्याला आपल्या नमुन्यातून कोण गळलं, याचं उत्तर देता येत नाही.

मुलांचा दोष मी फार कमी मानते. विभागात मंजूर जागा भरलेल्या नाहीत, अर्ध्याहून जास्त तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात, खेड्यात मुलांना घेऊन घालवलेल्या दिवसाचे मिळत नाहीत. सुट्टीचे तर नाहीतच. अशा शिक्षकाकडून क्षेत्रकार्याची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. प्राध्यापक भरतीची मागणी नेहमी नेट-सेट झालेल्यांच्या नोकऱ्यांची म्हणून मांडली जाते. ती तशी आहेच, पण खऱ्या आकड्यांची मागणी म्हणूनही तिच्याकडे बघायला हवं.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत एक दार उघडलं आहे, ते सोडू नये. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती सक्तीची झाली, दुसऱ्या सत्रात ओजेटी (म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) किंवा क्षेत्रप्रकल्प, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रांत संशोधन प्रकल्प. श्रेयांकांच्या, म्हणजे क्रेडिटच्या, भाषेत ४, ४, ४ आणि ६. म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासातले १८ श्रेयांक या कामाचे. हे चार तुकडे आज सुटे सुटे पडलेत. आरएम फळ्यावर, ओजेटी कुठल्यातरी पतपेढीत किंवा झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या प्रमाणपत्रावर, प्रकल्प शेवटच्या महिन्यात. ते एकाच जागेवर ओवता येतील. प्रत्येक पदव्युत्तर विभागाने एक गाव किंवा एक वॉर्ड घ्यावा, तोही जवळचा, एसटीच्या साध्या तिकिटात पोचता येईल असा. पहिल्या सत्रात तिथे जाऊन नकाशा काढायचा, घरं मोजायची, यादी करायची. दुसऱ्या सत्रात तिथल्या सोसायटीत, रेशन दुकानात, अंगणवाडीत, ग्रामपंचायतीच्या दप्तरात काम करायचं. पुढची दोन सत्रं आपला प्रश्न घेऊन परत त्याच दारांवर. आणि वह्या विभागात जपून ठेवायच्या, कारण पुढच्या वर्षीची मुलं तिथेच जाणार आहेत. दहा वर्षांनी त्या विभागाच्या कपाटात एका गावाचा असा दस्त असेल की आयोगालाही तो मागायला यावं लागेल.

यावर मला ठरावीक उत्तर मिळतं. मुलं एम.ए.ला येतात ती स्पर्धा परीक्षेसाठी, समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून बरा पडतो, हॉस्टेल मिळतं, वय निघतं. खरं आहे, आणि त्यात लाज वाटावं असं काही नाही. पण हीच मुलं उद्या तहसीलदार, गटविकास अधिकारी, तलाठी होणार. पंचनामा लिहिणं, लाभार्थ्यांची यादी करणं, 'या गावात विधवा किती' याचं उत्तर वर पाठवणं हे त्यांचं रोजचं काम असेल. चुकीचा प्रश्न ओळखायच्या सवयीची गरज तिथे पडेल तितकी दुसरीकडे कुठेच पडणार नाही.

आकडेशास्त्राची भीती हा आणखी एक अडथळा. कला शाखेतून आलेल्या मुलांना सरासरी म्हटलं की घाम फुटतो, आणि आम्ही शिक्षकही 'आपण गुणात्मक करू' म्हणून ती वाट टाळतो. ही पळवाट आहे असं मला स्पष्ट वाटतं. गावातल्या जमिनीची यादी फळ्यावर लिहिली, त्यात एका वाड्याची ऐंशी एकर आणि बाकीच्यांची एक-दीड एकर असली, की सरासरी कशी फसवते आणि मधला आकडा का बघायचा, हे अर्ध्या तासात कळतं. आकडे हवेतच, पण ते आपण मोजलेले हवेत.

भाषेबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय, कारण आमची सगळ्यात मोठी ताकद तीच आहे आणि आम्ही ती दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवतो. आमच्या प्रश्नावल्या इंग्रजी पुस्तकांतून शब्दाला शब्द लावून केलेल्या असतात. 'कौटुंबिक निर्णयप्रक्रियेतील आपला सहभाग कितपत आहे?' हा प्रश्न ऐकून बाई हसून म्हणते, "आहे की!" आणि सहभाग 'पूर्ण' म्हणून नोंदला जातो. एका मुलीने तोच प्रश्न आपल्या आजीच्या भाषेत विचारला, "मागच्या साली म्हैस इकली तवा कुणी ठरवलं?" तर अर्धा तास उत्तर चाललं. सासूनं ठरवलं, पैसे दिराकडे गेले, बाईला बाजारात गेल्यावर कळलं. तसंच 'तुमच्या गावात जातिभेद आहे का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, सगळे गुण्यागोविंदाने राहतात. गावात स्मशानभूमी किती आहेत, लग्नाच्या पंगतीचं आवतण कुणाला घरी जाऊन देतात आणि कुणाला निरोप धाडतात, एवढं विचारा. कुणी खोटं बोलत नाही. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोरमाटी घरात बोलणारी मुलं आमच्या वर्गात बसतात. हे प्रश्न त्यांना जन्मापासून येतात. आम्ही त्यांना दोन वर्षांत ते विसरायला शिकवतो.

आणि एक जबाबदारी आहे, तिचा पेपरात एक परिच्छेद असतो, 'संशोधनातील नैतिकता' नावाचा. आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी आमची मुलं गेली होती. त्याची बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्या आधी चार जण लिहून घेऊन गेले. काय लिवलं ते कुणी दावलं न्हाई." मुलं वही मिटून परत आली. तेव्हापासून जे लिहिलं ते त्या गावात जाऊन वाचून दाखवल्याशिवाय प्रकल्पावर मी सही करत नाही. पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा लोकांनी तीन चुका काढल्या, त्यातली एक घरांच्या संख्येची होती. आम्ही एक आळी मोजलीच नव्हती.

ऊसतोडीची प्रश्नावलीही आम्ही मोडून नव्याने केली. मासिक उत्पन्नाचा रकाना काढला. त्याच्या जागी चार प्रश्न आले: औंदा उचल किती घेतली? किती फिटली? गेल्या हंगामाची बाकी किती होती? उचलीचे पैसे पहिल्यांदा कुणाच्या हातात पडले? एका कोपीला आता पाऊण तास लागतो, म्हणून शंभराऐवजी तीसच कोप्या होतात. चौथ्या प्रश्नाला बायका आधी नवऱ्याकडे बघतात आणि मग बोलतात. ते बघणंही वहीत लिहायचं, असं आमच्याकडे आता ठरलेलं आहे.